मोठ्या सिस्टरची सुई

वॉर्डात कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते चिमणीच्याच पायाशी मुरत होतं, याबद्दल मोठ्या सिस्टरच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चिमणी म्हणजे वॉर्डातली सगळ्यात धाकटी नर्स. अंगानं एवढीशी, तोंड मात्र दिवसभर चालू. हल्ली मोठ्या सिस्टर आल्या की ते तोंड बंद व्हायचं. शिवाय सकाळी त्यांनी इन्शुलिनच्या सुया भरून ट्रेमध्ये मांडल्या रे मांडल्या, की ही हजर. ताई, चहा निवतोय. ताई, ऑफिसात बोलावलंय. चहा वाफाळता असायचा आणि ऑफिसात कुणी बोलावलेलं नसायचं.

असल्या प्रेमाला भुलतील त्या मोठ्या सिस्टर कसल्या! औषधाच्या कपाटातल्या इन्शुलिनच्या बाटल्या अलीकडे फार लवकर संपत होत्या. पोरगी बाहेर विकत असणार, दुसरं काय? त्यांनी मेट्रनबाईंच्या कानावर घातलं, की उद्या चोर हातात आणून देते, त्याच दिवशी नोकरीवरून काढायचं. मेट्रनबाईंनी मान डोलावली.

खरं सांगायचं तर मोठ्या सिस्टरना हल्ली सगळं जगच चोर दिसायचं. दोन नर्सेस नोकरी सोडून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, तेव्हापासून त्यांची ड्युटीही याच ओढत होत्या. आठवड्याची सुट्टी घ्यायच्या नाहीत, कारण दुसऱ्याच्या हाती वॉर्ड दिला की विचका ठरलेला. जेवण उभ्यानं, झोप नावाला. नवरा म्हणायचा, तुझा स्वतःच्या सावलीवर तरी विश्वास आहे का? त्यावर त्या विचारायच्या, तुम्हाला हे कुणी शिकवून पाठवलं? एके काळी याच बाई म्हाताऱ्या पेशंटच्या वेण्या घालून द्यायच्या. परवा एक आजी गेल्या, तेव्हा त्यांच्या मनात आधी आलं ते एवढंच, की चला, एक पलंग मोकळा झाला. वाईट वाटायचंसुद्धा राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुया भरल्या, ट्रे मांडला आणि चहाचं बोलावणं येताच निमूट निघाल्या. पण चहाकडे न जाता शेजारच्या चादरींच्या खोलीत शिरून दाराच्या फटीला डोळा लावला. चिमणी आली. तिनं मागंपुढं पाहिलं. एकेक सुई उजेडात धरली, एक बाजूला काढली, ट्रेमधली बाटली घेतली आणि नवी सुई भरायला लागली.

"सापडलीस," मोठ्या सिस्टर दारातून म्हणाल्या. "किती दिवस चाललंय हे?"

चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला, पण हातातली सुई हलली नाही. ती नीट भरून झाल्यावर तिनं बाजूला काढलेली सुई पुढं केली.

"ही मास्तरांची, ताई. तुम्ही भरलेली. बघा."

खिडकीजवळच्या पलंगावरच्या मास्तरांना सकाळी द्यायचं ते इन्शुलिन दुधासारखं गढूळ, दिवसभर हळूहळू उतरणारं. या सुईतलं पाण्यासारखं नितळ होतं, झटक्यात साखर उतरवणारं. सुईवर मास्तरांच्या नावाची चिठ्ठी होती, आणि अक्षर मोठ्या सिस्टरचं. एवढं नितळ टोचलं असतं, तर मास्तर दुपारचं जेवण बघायला राहिले असते की नाही कोण जाणे.

हे हिनंच बदललं असेल, असं त्यांच्या मनात आलंच. पण नितळ बाटल्या कपाटात बंद होत्या, सकाळपासून त्याची किल्ली त्यांच्याच कमरेला होती आणि फटीतून सगळं त्यांनीच पाहिलं होतं.

"पहिल्यांदाच झालं का?" त्यांनी विचारलं.

चिमणीनं नकारार्थी मान हलवली. असल्या सुया ती मोडून टाकायची आणि नव्या भरायची, म्हणून बाटल्या लवकर संपायच्या. सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मलाच चोर ठरवलं असतं." चिमणी खाली बघत म्हणाली. "एकीनं भरायची, दुसरीनं बघायची, हा नियम तुमचाच ना ताई? आमच्या सगळ्यांच्या सुया तुम्ही बघता. तुमची कोण बघणार?"

मोठ्या सिस्टर चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. कितीतरी महिन्यांनी त्या ड्युटीवर बसल्या होत्या. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी आवरलंही नाही.

मग तोंड धुऊन त्या मेट्रनबाईंकडे गेल्या. मेट्रनबाई चोराची वाट बघत होत्या. मोठ्या सिस्टरनी सुई टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की चोर नाही सापडला, चूक सापडली, आणि ती माझी आहे. मला घरी पाठवा, आणि त्या दोन जागा भरल्याशिवाय पुन्हा कुणाला अशी राबवू नका. निघताना कपाटाची किल्ली त्यांनी चिमणीच्या हातावर ठेवली. घरी गेल्या तर नवरा घाबरून विचारतोय, काढून टाकलं की काय?

सुट्टी संपवून त्या परतल्या, तेव्हा दोनातली एक जागा भरली होती. दुसरीसाठी मेट्रनबाई अजून भांडत होत्या. मोठ्या सिस्टरनी पहिली सुई भरली आणि चिमणीसमोर धरली. हात पुढं करून उभं राहणं त्यांना जड गेलं. आपल्याच वॉर्डात, आपल्याच नियमानं, पहिल्यांदाच.

चिमणीनं सुईकडे पाहिलंच नाही. तिनं आधी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"सुई बघते, ताई. आधी सांगा, रात्री झोपलात का?"