शनिवारचं ऊन

सोमवारी सकाळी सातला पाच कमी असताना मी पांढऱ्या पेटीचं दार उघडलं आणि कमाल तापमापकावर बेचाळीस पूर्णांक आठ दिसलं. चष्मा पुसून परत पाहिलं. बेचाळीस पूर्णांक आठच. मग आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून मी तो तापमापक बाहेर काढला आणि दोन-तीन जोरदार झटके देऊन पारा खाली उतरवला.

एवढंच केलं मी. कुणाच्या खिशात हात घातला नाही की कुणाला शिवी दिली नाही. पण माझ्या सबंध नोकरीत मी केलेलं सगळ्यात वाईट काम कोणतं, असं विचारलं तर ते तीन झटके.

दिंडोरीच्या रस्त्याला आमचं शेतकी केंद्र होतं आणि मी तिथला हवामान निरीक्षक. नाव भारदस्त, काम एवढंच की सकाळी सातला आणि दुपारी दोनला पेटी उघडायची, आकडे बघायचे आणि रजिस्टरात लिहायचे. पेटीला रविवार नाही, दिवाळी नाही. गावात मला कुणी दत्तात्रय म्हणत नसे. मी पेटीवाला.

तो कमाल तापमापक ताप बघायच्या काचनळीसारखाच असतो. पारा चढला की चढला, झटकल्याशिवाय उतरत नाही. शनिवार-रविवार मी जागेवर नव्हतो, पण ऊन कुठवर गेलं होतं ते त्यानं माझ्यासाठी धरून ठेवलं होतं. आता खरं लिहायचं तर दोन दिवसांचे रकाने रिकामे ठेवावे लागले असते आणि साहेबांनी विचारलं असतं, रकाने रिकामे का? म्हणून मी मागचा आठवडा बघून शनिवारी अडतीस पूर्णांक सहा आणि रविवारी अडतीस पूर्णांक दोन लिहून टाकलं. माझं अक्षर चांगलं आहे. खोटे आकडे खऱ्यांपेक्षा सुबक आले.

अठ्ठ्याण्णव साल होतं ते. एक मे शुक्रवारी आला होता, म्हणजे जगाला सलग तीन दिवस सुट्टी. ज्योत्स्नाचं माहेर देवळ्याला. ती म्हणाली, "अकरा वर्षं झाली लग्नाला. एकदा तरी माझ्याबरोबर तीन दिवस या. पेटी काय पळून जातेय?"

शुक्रवारी दोनची नोंद घेतली आणि आम्ही एसटी धरली. तिकडे घरातली सगळी माणसं चाळीत कांदा भरायला गेलेली, आणि मी जावई म्हणून पाटावर. शनिवारी दुपारी सासूबाईंनी खिडक्यांना ओली तरटं लावली आणि आमरसाचं पातेलं पुढ्यात ठेवलं. "जवाईबुवा, आखो एक वाटी ल्या ना," असं करत करत चार वाट्या झाल्या. मग मी पंख्याखाली आडवा झालो. डोळा लागता लागता मनात आलं, आज चाळीस नक्की ओलांडली असणार. आणि मी कूस बदलली.

रविवारी आभाळ आलं, वारा सुटला, उन्हाचा जोर मोडला. तेव्हा बेचाळीस पूर्णांक आठ हे शनिवारचंच. मला ते सोमवारी सकाळी पेटीसमोर उभा असतानाच ठाऊक होतं.

मंगळवारी हवालदार आले. पंख्याखालची खुर्ची ओढून बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "शनिवारचं तापमान लिहून द्या सही-शिक्क्यानिशी. पंचनाम्याला जोडायचंय."

"कसला पंचनामा?"

"तुमच्या शेजारी तो मजूर मेला ना भिमाजीच्या बागेत. मंगळू भोये. तुम्हाला ठाव नाय?"

सोमवारी बाग रिकामी दिसली तेव्हा मला वाटलं होतं, गडी लग्नाला गेले असतील गावाकडे.

आता मंगळूचं सांगायला हवं. आमच्या कुंपणाला लागून भिमाजी पाटलांची द्राक्षबाग. एप्रिलची छाटणी झाली की वेलींवर पान राहत नाही, म्हणजे बागेत सावली म्हणून नाही. तिथं सुरगाण्याकडून आलेला मंगळू आणि त्याची बायको भागीबाई खतासाठी चाऱ्या खणत. मंगळू रोज दोनच्या सुमाराला कुंपणाशी येऊन विचारायचा, "सायेब, आज किती?" मी आकडा सांगायचो आणि तो हसायचा, जणू मीच तापवलंय.

एकदा मी भिमाजींना म्हटलं, पाटील, चाळिसाच्या वर माणसानं उन्हात कुदळ मारू नये. भिमाजी माणूस वाईट नाही, पण त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. ते म्हणाले, "बरं. तुझ्या पेटीत चाळीस झाली की तू आवाज दे. चार वाजेपर्यंत कुदळ बंद." तेव्हापासून मी कुंपणाशी उभं राहून "चाळीस!" म्हणून ओरडायचो आणि पलीकडे कुदळी खाली पडायच्या. पाच-सहा वेळा झालं असेल असं. मला त्याचा फार अभिमान होता. ज्योत्स्नाला मी ते दोनदा तरी सांगितलं होतं.

शनिवारी ओरडायला कुणी नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात, ऊन लागलं असेल नायतर दारू असेल," हवालदार सांगत होते. "बांधावर बाटली सापडली एक. पाटील म्हणतात, पेला होता. किती होतं तुमच्यात?"

रजिस्टर समोरच उघडं होतं. "अडतीस पूर्णांक सहा," मी म्हणालो.

"म्हंजे रोजचंच. मग दारूच ती." त्यांनी कागद पुढे सरकवला. मी लिहून दिलं, सही केली आणि शिक्काही नीट सरळ मारला.

त्या संध्याकाळी मी भिमाजींकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ते ओट्यावर बसले होते. मला पाहताच त्यांनी आवाज खाली आणला.

"तू सुट्टीवर होतास ते मला माहीतय दत्तू. मी कुणाला बोललो नाय आन् बोलणार नाय. तू पण गप राहा."

"पाटील, तो खरंच प्याला होता?"

"बाटली सापडली ना?"

"बाटली कुणाचीही असेल."

"मग तू ओरडला का नाही?" ते एकदम म्हणाले. उठताना ते म्हणाले, "मी पण घरात झोपलेलो होतो रे. मला वाटलं, पेटीवाल्याचा आवाज नाय, म्हंजे असेल चाळीसच्या आत."

गुरुवारी भागीबाई आली. भाऊ पुंजा तिला घेऊन आला होता, पण तो फाटकाशीच थांबला. सुतकात घराबाहेर पडू नये म्हणतात, तरी ती दोन एसट्या बदलून आली होती. मी खुर्ची दिली. ती उंबऱ्याशीच बसली.

"सायेब, एक कागूद पायजे," ती म्हणाली. "बाराव्याला पंच बसणार हायेत. दीर म्हनतो, मंगळू दारूत मेला आन् तूच पाजली त्याला. पोलिसाच्या कागदात बी तसंच लिवलंय म्हनं. तुमच्या पेटीत लिवलं असंल ना, लय ऊन व्हतं म्हनून? तेवढं लिवून द्या."

मी खिशातलं पेन काढलं.

"पीत व्हता तो. नाय म्हनत नाय मी. होळीला पेला, लग्नात पेला. पन त्या दिशी नाय पेला. सकाळधरनं माझ्यासंगं व्हता. दुपारी कुंपणाशी जाऊन उभा राह्यला. तुमी दिसला नाय. मंग माघारी येऊन मला म्हनला, सायबानं आवाज दिला नाय, म्हंजी ऊन कमी हाय, उगं आपल्यालाच लागतंय. आन् परत कुदळ घेतली."

माझ्या हातात पेन होतं. टेबलाच्या खणात कोरे कागद होते. त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण बाहेर साहेबांची मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला आणि मी घाबरलो. नोकरीला घाबरलो, अब्रूला घाबरलो, खरं तर त्या बाईच्या तोंडाकडे बघायलाच घाबरलो.

"बाई, रजिस्टरात अडतीस आहे," मी म्हणालो.

ती बघत राहिली. "तुमी सोता पाहिलं?"

"हो."

"आमाला तर तुमी दिसला नाय."

"जरा उशिरा आलो होतो."

तिनं मान खाली घातली. मला वाटलं, आता ही रडेल, भांडेल, शिव्या देईल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मंग पेलाच असंल त्यो. माझ्या नदरंआड पेला असंल. पेटी कशाला खोटं बोलंल?"

आणि पदर सारखा करून ती उठली. जाताना मला हात जोडून गेली.

जगात एकच माणूस मंगळूच्या बाजूनं बोलत होतं. मी तेही त्याच्यापासून तोडलं. तो जिवंत असताना मी ओरडलो नाही हे एक वेळ विसरता येईल, माणूस सुट्टीला जातो. पण हे मी जागेपणी, खुर्चीत बसून, शुद्धीवर असताना केलं होतं.

घरी मी ज्योत्स्नाला सगळं सांगितलं. तिच्या हातातली पोळी तव्यावर करपली. "मी ओढून नेलं तुम्हाला," ती म्हणाली.

"तू देवळ्याला नेलंस. खोटं माझं मी लिहिलं."

"मग तुम्हीच जा," ती म्हणाली. "आणि कागद पाठवू नका. स्वतः जा."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडून लेखी घेतलं आणि रजिस्टर मागवलं. मला वाटत होतं, अडतीस खोडून बेचाळीस लिहिता येईल. साहेब म्हणाले, "कुठल्या आधारावर? पारा तर तुम्हीच उतरवलात." त्यांचं बरोबर होतं. दोन्ही रकान्यांत लाल शाईनं आडव्या रेघा आल्या आणि खाली लिहिलं गेलं, नोंद घेतली नाही. पोलिसांना तसं पत्र गेलं. मला मेमो मिळाला आणि पुढे बदलीही झाली, पण त्याचं मला काही वाटलं नाही. त्या रेघेचं वाटलं. ज्या उन्हात एक माणूस गेला त्या उन्हाची सरकारदरबारी कुठेच नोंद नाही.

बाराव्या दिवशी मी सुरगाण्याची एसटी धरली. फाट्यावर उतरून तासभर चढ चालल्यावर पाडा आला. अंगणात फांद्यांचा मांडव घातला होता आणि त्याखाली पंच, दीर झिपरू आणि पाड्यातली माणसं बसली होती. भागीबाई एका बाजूला बायकांत होती. मला पाहून ती उभी राहिली.

मी मांडवाबाहेर उन्हातच थांबलो. वाटेत खूप वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडात येईना.

"मी पेटीवाला," मी म्हणालो. "मंगळू मेला त्या दिवशी मी कामावर नव्हतो. सासुरवाडीला आमरस खात होतो. मी असतो तर आवाज दिला असता, आवाज दिला असता तर त्यानं कुदळ ठेवली असती. आल्यावर पेटीत बेचाळीस दिसलं, ते मी पुसलं आणि अडतीस लिहिलं. या बाईंनी विचारलं तेव्हाही खोटं बोललो. मंगळूला ऊन लागलं. दारूचं नाव त्याला लावू नका."

झिपरू खाली बघत होता. पंचांतला एक म्हातारा विडी विझवून म्हणाला, "लिवून देता का?"

"आणलंय," मी म्हणालो आणि कागद दिला.

मग भागीबाई पुढे आली. मला वाटलं, आता मारेल. मी तयार होतो. पण तिनं मांडवाच्या खांबाला टेकून बसलेल्या एका म्हातारीकडे बोट केलं.

"ती त्याची आय. तिला कमी ऐकू येतं. तिनं बारा दिस पोराला शिव्या दिल्या, दारूत मेला म्हनून. तिला परत सांगा."

मी म्हातारीजवळ उकिडवा बसलो. तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं, सुट्टी, आमरस, अडतीस, सगळं. आवाज चढवावा लागत होता, त्यामुळे अख्ख्या पाड्यानं ते दुसऱ्यांदा ऐकलं. मध्येच मी थांबलो तर ती म्हणाली, "मंग?" मी पुन्हा सुरू केलं.

संपल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत फूल पडलं होतं, तिला मी कितपत दिसत होतो कोण जाणे.

"पेला नव्हता?" तिनं विचारलं.

"नाही आई."

"नाय पेला," ती स्वतःशीच म्हणाली. हाताच्या बोटांनी तिनं तोंडावरून पदर फिरवला. मग माझी पाठ अजून उन्हात आहे हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती खांबापासून जराशी सरकली आणि सावलीत मोकळ्या झालेल्या जागेवर तिनं हातानं दोनदा थोपटलं.

मी तिथं बसलो. भागीबाईनं माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.