चार तोंडांचा कार्बोरेटर आणि भावाचा उपास

विजयसिंहाची एक खोड मला आजतागायत पटलेली नाही. बोनेट उघडलं की पाना हातात घ्यायचा सोडून हा आधी मोबाईल काढतो. ऑईल किती, पाणी किती, याची विचारपूस नाही. फोटो मात्र डावीकडून एक, उजवीकडून एक. अरे, मला काय बघायला पाहुणे येणार आहेत?

लेकरांनो, मी एक जुनी काँटेसा गाडी आहे, माजलगावच्या सुंदररावांची. विजयसिंह हा त्यांचा नातू. वय पस्तीसच्या पुढे. शाळा मी आतून कधी पाहिली नाही. या घरच्या पोरींना फाटकापर्यंत सोडायची आणि परत फिरायची, एवढीच माझी शाळा. माझ्या हॉर्नची वायर सैल आहे, म्हणून तो कधीकधी आपोआप वाजतो. लोक म्हणतात, शॉट झालाय. मी म्हणते, मी बोलते. या वयात बोलूसुद्धा नये का?

माझा जन्म लांब बंगालच्या कारखान्यात झाला. लांबलचक बोनेट, रुंद बसकण, मोरपंखी रंग. सुंदररावांनी मला घरी आणलं त्या दिवशी मोंढ्यातले हमाल पाठीवरची पोती खाली ठेवून बघत राहिले. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

पण माझा खरा मान पंचमीचा. आमच्याकडे नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपास धरतात, आणि माहेरचं माणूस त्यांना न्यायला मूळ म्हणून जातं. सुंदररावांच्या लेकीला, शिवकन्येला, वीस वर्षं मी आणलं. धारूरचा घाट चढून जायचं, तिला घ्यायचं, उतरायचं. एकदाही तिला ताटकळत ठेवलं नाही, हे मी चारचौघांत सांगते.

ही ताकद माझ्या एकटीची नव्हती. माझ्या पोटात एक कार्बोरेटर आहे, दोन तोंडांचा, म्हणजे हवा ओढायच्या दोन नळ्यांचा. तो म्हणजे माझी स्वयंपाकीण समजा. पेट्रोल किती, हवा किती, हे मापात कालवून इंजिनाला भरवायचं, हे त्याचं काम. इसाक मिस्त्री तो खोलायचा, बारीक भोकं तोंडाने फुंकून साफ करायचा आणि कान देऊन स्क्रू फिरवायचा. डोळे मिटून! मी बरी आहे की नाही, हे त्याला आवाजावरून कळायचं.

मग सुंदरराव गेले. घरात नवी पांढरी गाडी आली आणि मी शेडमध्ये. नऊ वर्षं. टपावर कडब्याच्या पेंढ्या, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिला मी काही बोलले नाही. तिने निदान माझा उपयोग तरी केला.

यंदा सुंदररावांच्या नातीचा, वैष्णवीचा फोन आला. शिवकन्येसारखं तिलाही धारूरलाच दिलं आहे. लग्नानंतरची ही तिची पहिली पंचमी. भावाला, म्हणजे या विजयसिंहाला, ती म्हणाली, "दादा, मला न्यायला काँटेसाच आण. आत्या जिच्यात यायची तिच्यातच मी येणार. शब्द दे." त्याने दिला.

मला ओढत इसाककडे नेलं. इसाक आता म्हातारा झाला आहे, पण कान तेच. त्याने कार्बोरेटर काढून बघितला. "ह्याची दांडी घासलीय, विजू. बाजूनं हवा ओढतोय. हाच नीट करतो, चार दिवस दे. न्हाई तर याच मापाचा दुसरा हुडकतो."

"चाचा, तिसराबी हाय ना!" विजयसिंहाने पिशवीतून एक चकचकीत धूड काढलं. चार तोंडांचा कार्बोरेटर, परदेशातल्या दांडग्या गाड्यांचा, मोबाईलवरून मागवलेला.

इसाकने तो हातात तोलला. "लई देखणा हाय. पण ज्या इंजनाचा हा, ते आपलीच्या तिप्पट. तान्ह्या लेकराला परातीनं वरण पाजल्यावानी व्हईल."

"जास्त पेट्रोल म्हंजे जास्त ताकद, चाचा."

"जास्त जेवून कोण पैलवान झालाय बे? पचायबी पायजे."

माझा हॉर्न वाजला. "ती वायर तेवढी बघा," विजयसिंह म्हणाला, "आन् जुना भंगारात टाका."

इसाकने पाना उचलला. चार दिवस मला ठेवून घेतलं आणि चार तोंडांचा बसवून दिला.

उपासाच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. सपाट रस्त्यावर आवाज असा, की तेलगावच्या चौकात माणसं वळून बघायला लागली. विजयसिंह फुगला. माझ्या पोटात मात्र न जळलेलं पेट्रोल साचत होतं. घाट लागला, दुसऱ्या वळणावर मी ठसकले, काळा धूर ओकले आणि थांबले. प्लग पेट्रोलने ओलेचिंब.

मागून टोमॅटोचा टेम्पो आला. टेम्पोवाला सटवा तोंड बाहेर काढून म्हणाला, "काय पाटील, गाडीनं लई घेतली वाटतं! चला, बसा, धारूरला सोडतो."

तेवढ्यात वैष्णवीचा फोन. "दादा, कुठवर आलास? सासूबाई भगर खा म्हणून मागं लागल्यात. मी म्हणलं, माझं मूळ आल्याबिगर घास न्हाई."

विजयसिंहाने एक पाय टेम्पोत ठेवला होता. तो त्याने काढून घेतला. "तुमी व्हा म्होरं," सटवाला म्हणाला आणि इसाकला फोन लावला. आवाज अगदी बारीक. "चाचा, चुकलं माझं."

"स्टेपनी उचल," इसाक म्हणाला.

स्टेपनीखाली जुन्या लुंगीत गुंडाळलेला माझा कार्बोरेटर होता! दांडी नवी, गॅस्केट नवं, सोबत पान्यांची पिशवी. लेकरांनो, मला भरून आलं.

"भंगारात टाका म्हणलास. माझ्या हाताला त्ये जमलं न्हाई. आता फोन स्पीकरवर ठेव आन् मी सांगतो तसं कर... अरे उलटा कावून फिरवतोस बे!"

पाना हातात धरायची विजयसिंहाची ती पहिली वेळ. बोटं सोलली, शर्ट काळा झाला. तासाभराने चावी फिरवली. मी एकदा खोकले आणि सुरू झाले.

"फोन इंजनापाशी धर," इसाक म्हणाला. ऐकत राहिला. "स्क्रू पाव फेरा मागं. अजून जरासा. बस्स. आता ती नीट बोलती."

उरलेला घाट मी दम न घेता चढले. उन्हं कलताना दारात पोचलो. वैष्णवी ओसरीवरून धावत आली. तोंड सुकलेलं, पण हसली. "दादा, हात बघ की! तू आलास का कोळसा आला?" सासूबाईंनी भगरीचं ताट वाढायला घेतलं.

लेकरांनो, तुमच्या घरातही कुणी जुनं असेल, गाडी असो की शिलाई मशीन. त्याला नवं काही जोडायच्या आधी त्याचं माप विचारा आणि त्याला हात लावत जा. हे मी शांतपणे सांगणार होते. पण विजयसिंहाने काय केलं? बहिणीला दारात उभी ठेवून तो परत फिरला, माझं बोनेट उघडलं आणि काळ्या हाताने मोबाईल काढला. फोटोसाठी!

माझा हॉर्न असा वाजला, की ओसरीवरची माणसं दचकली. बाकीच्यांना वाटलं, वायर. मी सरळ त्याच्या तोंडावर बोलले:

"विजयसिंह, आज माझ्या अंगाला हात लावलास म्हणून थोडक्यात सोडते. त्ये चार तोंडाचं धूड कपाटात मांड, तितंच शोभंल. मला पंधरा दिसाला एकदा चालू करत जा. गाडी कळाया तुला अजून लई येळ हाय. आदी तो मोबाईल खिशात घाल आन् हात धू, येड्या. बहीण उपाशी हाय!"