विरलेलं कडं

माझ्या नवऱ्याचा अर्धा चेहरा त्या मंगळवारी झोपेतून उठलाच नाही. बाकीचा अर्धा उठला, चहा प्यायला, थोडा चहा शर्टावर सांडून घरामागच्या शेडमध्ये कामाला गेला. तो प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी फुंकतो. ज्योतीवर नळी तापवायची, ती मऊ झाली की तोंडाने हळूहळू हवा भरायची, मग भांडं पोट धरतं. त्या दिवशी भांडं पोट धरेना. हवा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून निसटत होती. त्याने मला हाक मारली, तर हाकही तिरपीच आली.

मी पुढच्या खोलीत होते. तिथे माझं वनौषधींचं दुकान आहे. वर माळ्यावर पानं, फुलं, मुळ्या वाळत असतात. दुपारी त्यांचा वास जिन्याने खाली उतरतो आणि बरण्यांवरचं ऊनसुद्धा पेंगायला लागतं. वीस वर्षं मी त्या वासात अर्धवट जागी असल्यासारखी वावरत आले. स्वभाव मात्र झोपाळू नाही. माझ्या काढ्याला कोणी गवताचं पाणी म्हटलं, तर मी त्याला सरळ दार दाखवते.

दार दाखवता आलं नाही ते फक्त नणंदेला. ती शाळेची बस चालवते. नवऱ्याहून सहा वर्षांनी धाकटी, पण जीभ आम्हा दोघांना पुरून उरणारी. मी तिला ड्रायव्हरीणबाई म्हणते, ती माझ्या दुकानाला पालापाचोळा म्हणते. वीस वर्षांत तिने माझ्या हातचं खोकल्याचं चाटणसुद्धा घेतलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही तिघं टेकडीमागच्या कुरणात गेलो होतो. मला फुलं खुडायची होती, त्या बहीणभावाला नुसतं गवतात लोळायचं होतं. गवत कमरेएवढं होतं आणि वाऱ्याने असं हलत होतं की उभ्या माणसालाही आपण तरंगतोय असं वाटावं. ते दोघं त्यात दिसेनासे झाले. नुसतं हसू ऐकू यायचं, एकदा इथून, एकदा तिथून.

पुढच्या आठवड्यात त्याच्या पाठीवर आणि तिच्या गुडघ्यामागे एकेक लाल कडं उमटलं. मधे फिकट, कडेला गडद. गोचीड चावली असणार हे मला बघताक्षणी कळलं. नणंद म्हणाली, दवाखान्यात जाऊन येते. मी म्हटलं, एकदा तरी माझं ऐक. झेंडू, ज्येष्ठमध आणि एक कडू साल, जिचं नाव मी कोणाला सांगत नाही, यांचा लेप मी दोघांना सकाळ-संध्याकाळ लावला. रोज बोटाने त्या कड्यावरून फिरताना ते थोडं पुसट होतंय असं दिसायचं. तीन आठवड्यांत दोन्ही कडी विरली.

नणंद दुकानात आली, भर गिऱ्हाइकांसमोर पाय स्टुलावर ठेवून तिने गुडघ्यामागची स्वच्छ कातडी दाखवली आणि म्हणाली, "वहिनी, हरले मी." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बसच्या आरशाला तिने माझ्या दुकानाचं कार्ड अडकवलं. त्या महिन्याभरात मी जितकी सुखात होते तितकी लग्नातही नव्हते, हे मी नवऱ्याला सांगितलं नाही एवढंच.

तर मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे मी भांडायच्या तयारीनेच गेले. त्यांनी नवऱ्याला भुवया उंचवायला लावल्या, गाल फुगवायला लावले, गवत, गोचीड, कडं सगळं विचारून घेतलं, रक्त तपासायला पाठवलं आणि म्हणाल्या, हा बहुतेक लाइम आहे, गोचिडीच्या चाव्यातून जंतू अंगात शिरून होणारा आजार, अँटिबायोटिकच्या गोळ्या लगेच सुरू करू, तीन आठवडे घ्याव्या लागतील. मी तोंड सोडलं. पोटाचं वाटोळं होतं, चांगले जंतूही मरतात, माझ्याकडे यावर अर्क आहे. त्यांनी मला अडवलं नाही. मग शांतपणे म्हणाल्या, काही वनस्पतींच्या अर्काने हे जंतू मरतात हे खरं आहे, पण काचेच्या बशीत. माणसाच्या अंगात ते बरं करतात असं अजून कोणी दाखवलेलं नाही. या गोळ्यांचं तसं नाही.

मी म्हटलं, मग कडं कसं गेलं?

"ते आपोआपच जातं," त्या म्हणाल्या. "काही नाही लावलं तरी जातं. जंतू मात्र आत राहतात."

खोलीतला पंखा फिरत होता. त्याची पाती दिसत नव्हती, एक मोठं करडं कडं दिसत होतं आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं, बरोबर आणखी कोणाला असं कडं उठलं होतं का? नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा अर्धा निजलेला, अर्धा वाट बघणारा.

"नाही," मी म्हणाले.

पुढचे दिवस पाण्याखालून गेल्यासारखे गेले. गोळी भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर आडवं व्हायचं नाही, उन्हात फिरायचं नाही. त्याची डावी पापणी मिटत नव्हती. दुपारी गोळीनंतर तो तासभर खुर्चीत बसून काढायचा आणि मग झोपायला गेला की मी ती पापणी बोटाने खाली ओढून चिकटपट्टी लावायची. शेजारी बसल्या बसल्या माझाही डोळा लागायचा, आणि डोळ्यांपुढे ते कुरण हलायला लागायचं. दोघांचं हसू ऐकू यायचं, पण शोधायला गेलं की गवतात कोणीच नसायचं.

एकदा मला वाटलं तो झोपलाय, तर तो पट्टीखालून म्हणाला, "अगं, जन्मभर मी ती भांडीच करत आलो. भांड्यात घडतं ते माणसात घडेलच, असं भांडं कधी म्हणत नाही." आणि थोडं थांबून म्हणाला, "तिला सांग. मी सांगणार नाही. ते तुझं तू सांगायचं." मला इतका राग आला की मी उठून माळ्यावर गेले. वाळलेल्या फुलांत तासभर बसले. राग त्याच्यावर नव्हता, हे कळायला तेवढा वेळ लागला.

गुरुवारी नणंदेचा फोन आला. दादाला काय झालंय? वारं लागलं असेल, मी म्हणाले. मग ती म्हणाली, माझाही गुडघा सुजलाय बघ, चेंडूएवढा, क्लच दाबवत नाही, सोमवारी बस कशी काढू कोण जाणे, तोच लेप पाठव ना. पाठवते, मी म्हणाले. शुक्रवारी मी तो खरोखर वाटला. खलात हात फिरत होता, झेंडूचा वास सुटला होता, आणि मनातून मी म्हणत होते, कोण जाणे, असेलही गुण. वीस वर्षांनी एक माणूस माझ्यावर विश्वासलं होतं. ते मला सोडवत नव्हतं. माझ्या लेपापायी बाई पांगळी झाली असती तरी मी तिच्या तोंडून 'वहिनी, हरले मी' ऐकत राहिले असते, इतकी मी वाईट आहे हे मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी सकाळी डबी पिशवीत घालून तिच्या घरी गेले. तिसरा मजला. ती खिडकीशी उशीवर पाय टाकून बसली होती, पायजमा वर सरकवलेला. गुडघा लाल नव्हता, नुसता फुगून लकाकत होता.

"आण, लाव लवकर," ती म्हणाली.

मी डबी काढली आणि झाकणावर हात तसाच ठेवला.

"ते कडं माझ्या लेपाने गेलं नव्हतं," मी म्हणाले. "ते आपोआप गेलं. रोग आतच राहिला. दादाचा चेहरा त्यानेच गेलाय. वारंबिरं काही नाही. तुझा गुडघाही बहुतेक त्यातलाच. गोळ्या घ्यायला हव्यात."

तिने पायजमा हळूच खाली ओढला.

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे, वहिनी."

"डॉक्टरीणबाईंनी विचारलंही होतं, आणखी कोणाला आहे का. मी नाही म्हणाले."

"का?"

"तू हरले म्हणाली होतीस म्हणून."

तिने एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. तिची जीभ मला ठाऊक होती. मग तिने हात पुढे केला. मला वाटलं डबी मागतेय. तिला उठायला आधार हवा होता.

दवाखाना एकपर्यंत उघडा होता. मी खाली टॅक्सी बोलावली आणि आम्ही जिना उतरायला लागलो. तिचा गुडघा वाकत नव्हता. एका हाताने तिने कठडा धरला, दुसरा माझ्या खांद्यावर टाकला. चार पायऱ्या उतरून ती थांबली, धापा टाकत होती.

"पण लेप थंडगार होता," ती म्हणाली. "लावायचीस तेव्हा छान वाटायचं."

मला रडू फुटलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. खाली अजून पुष्कळ पायऱ्या होत्या आणि तिचा सगळा भार माझ्यावर होता.