मुठीपासून जमिनीपर्यंत

नोल्फा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटच्या गल्ल्यासमोर उभा होतो. हातांत दूध, पीठ, साबण. तेलाची बाटली हनुवटीखाली धरलेली, कारण पिशवी घरी राहिली होती. चिलीतल्या आमच्या तोमे गावात दुकानदारांनी प्लास्टिकच्या पिशव्या देणं बंद केलं त्याला वर्षं झाली, तरी मला सवय लागलेली नाही. फोन वाजला तो गल्ल्यावरच्या मुलीनेच माझ्या खिशातून काढून कानाला लावला. इस्पितळातून यास्ना, माझी मुलगी, बोलत होती. "बाबा, आई गेली." मी सामान तिथेच ठेवलं आणि बाहेर पडलो.

सवय लागायचं कारणच नव्हतं. मी उंबरा ओलांडला की नोल्फा आतून विचारायची, "म्हाताऱ्या, पिशवी?" मग मी मागे वळायचो. पिशव्या तिनेच शिवलेल्या. ती कापडगिरणीत होती. गिरणी बंद पडल्यावर तिथल्या जाड लोकरी तुकड्यांच्या ती पिशव्या शिवून द्यायची. पट्टा मात्र माणसाला उभं करून, मुठीपासून जमिनीपर्यंत माप घेऊनच लावायची. पिशवी जमिनीला घासता कामा नये, असं तिचं म्हणणं.

आता पिशव्या दाराच्या कडीला लटकलेल्या असतात आणि बाजारात पोचल्यावर मला त्या आठवतात.

त्या शनिवारीही तसंच झालं. एल्सिराच्या गाड्यावर मी बटाटे, कांदे, भोपळ्याची फोड घेतली आणि रिकामे हात पुढे केले.

"काय कासेरो, आज कांदे टोपीत नेणार की बुटांत?" एल्सिरा म्हणाली. बाजारात गिऱ्हाईक आणि विकणारा, दोघेही एकमेकांना कासेरोच म्हणतात.

"टोपी धुतलेली आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात लिसांद्रो आला. गिरणीत नोल्फाच्या खात्यात होता तो. उंच, ताठ, आणि अजून बिनलग्नाचा. त्याच्या हातात करड्या कापडाची पिशवी होती. पट्ट्याच्या बुडाशी लाल दोऱ्याची फुली. ती फुली कोण घालत असे ते मला विचारायची गरज नव्हती.

"पिशवी चांगली आहे," मी म्हणालो.

"नोल्फाची. बरीच वर्षं झाली, शिवण उसवलेली नाही."

"माप घेतलं होतं?"

"घेतल्याशिवाय सोडते का ती? दोनदा घेतलं."

"दोनदा कशाला?"

"पहिल्यांदा मी हललो म्हणून ओरडली."

एल्सिरा खळखळून हसली. मी हसलो नाही. मी बेकरीत रात्रपाळीला असायचो आणि दिवसा झोपायचो. बाहेरच्या खोलीत हा हलत उभा होता, माझी बायको टेप घेऊन त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली होती, आणि मी आत घोरत होतो.

"तुझ्याकडे पिशवी नाही?" लिसांद्रो म्हणाला. "ही ने. तुला चढ चढायचाय. मी आज नुसती कोथिंबीर घ्यायला आलोय. पुढच्या शनिवारी आठवणीने दे. माझ्याकडे तिची एवढीच आहे."

नको म्हणायला हवं होतं. पण एल्सिराने बटाटे भरलेसुद्धा. त्याच्या हातात ती पिशवी नीट लटकत होती. माझ्या हातात ती जमिनीला टेकली. टेकडीवरच्या घरापर्यंत मी कोपर वाकवून तिला उचलून धरत गेलो.

संध्याकाळी यास्नाला सांगितलं.

"बाबा, आई निम्म्या गावाला पिशव्या शिवून द्यायची."

"निम्म्या गावाचं माप दोनदा नाही घ्यायची. माझं तर एकदाही घेतलं नाही."

"तुमचं कशाला घेईल? तुमचं तिला पाठ होतं."

असेल. पण माझ्यासाठी ती टेप घेऊन कधी बसली नाही, एवढं मला माहीत आहे.

पट्टा कापून माझ्या मापाचा करावा म्हणून मी कात्री घेतली. लाल फुलीपाशी थांबलो आणि कात्री ठेवून दिली. पिशवी नोल्फाच्या कपाटात घातली.

पुढच्या शनिवारी कडीवरची माझी पिशवी कोणी न सांगता माझ्या हातात आली. लिसांद्रोची मुद्दाम कपाटात ठेवली.

तो एल्सिराच्या गाड्यापाशी वाट पाहत उभा होता.

"आणलीस?"

"विसरलो."

"त्याला कशाला विचारतोस?" एल्सिरा म्हणाली. "तो डोकंसुद्धा घरी विसरून येतो."

लिसांद्रोने मान हलवली. माझ्या हातातल्या पिशवीकडे त्याचं लक्ष गेलं. स्वेटरचा ओचा करून त्याने बटाटे घेतले. पोट उघडं पडलं होतं, तसाच गेला. त्यानंतरच्या शनिवारीही मी विसरलो असंच सांगितलं. आता तो विचारत नाही, नुसता बघतो.

मी आता माझी पिशवी कधी विसरत नाही. लिसांद्रोची पिशवी परत द्यायची राहिली आहे.