घरात एकच थर्मामीटर

आमच्या नणंदबाई शिंकल्या की ती धुळीची अ‍ॅलर्जी असते. आम्ही शिंकलो की तो व्हायरस.

त्या आठवड्यात त्या शिंकतच माहेरी आल्या आणि आल्याआल्या घराचा ताबा घेतला. दाराच्या कड्या पुसल्या, टॉवेल वेगळे केले आणि सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचा ताप मोजायला लागल्या. थर्मामीटर आधी स्वतःच्या जिभेखाली, मग रुमालाने पुसून माझ्या, मग यांच्या, मग धाकट्या जावेच्या.

"ताई, निदान साबणाने धुवा," मी म्हटलं.

"माझा रुमाल स्वच्छ असतो, वहिनी," त्या म्हणाल्या आणि त्याच रुमालात शिंकल्या.

बुधवारपर्यंत सगळं घर आडवं झालं. डॉक्टर म्हणाले, "व्हायरल आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. पाणी प्या, झोपा, एकमेकांपासून लांब राहा."

ठणठणीत होते ते फक्त सासरे. थर्मामीटर दिसला की ते डोळे मिटून घोरायला लागत, आणि झोपलेल्या वडिलांना उठवू नये एवढी माया नणंदबाईंना होती. पण आता त्यांना शंका आली.

"सगळे आजारी आणि बाबाच बरे कसे? रोग यांच्याच अंगात दबा धरून बसलाय."

मी उठून बसेपर्यंत त्यांनी सासऱ्यांच्या तोंडात थर्मामीटर कोंबलासुद्धा.

ताप निघाला नाही. दोन दिवसांनी निघाला.

"बघा," नणंदबाई म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? सगळ्याच्या मुळाशी बाबाच."

माझा घसा पार बसला होता, म्हणून त्या वाचल्या.