कापलेला समास

बाइंडरच्या हाताला तीस वर्षांची सवय होती. पानं ठोकून सरळ करायची, शिवायची, पाठीला खळ लावायची, कटरखाली घालून तिन्ही कडा साफ करायच्या, मग पुठ्ठा चढवून दाबात ठेवायचं. बायकोची वही त्याने अशीच बांधली. ती जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

वही कसली, सुटे कागदच ते. शेजारच्या छापखान्यातून आलेले वाया गेलेले कागद ती बाजूला काढायची आणि कोऱ्या बाजूवर कोरियन शिकायची. डावीकडे मराठी, मधे ती चौकोनी-गोल अक्षरं आणि उजवीकडे, अगदी कडेला टेकवून, उच्चार. लेक लग्न करून कोरियन माणसाच्या घरी गेली आणि हिने हे डोक्यात घेतलं. विहीणबाईंना दुसरी कुठलीच भाषा येत नव्हती.

"अहो, एवढं शिवून द्या ना," ती म्हणायची. "पानं पुढेमागे होतात."

"आधी गिऱ्हाइकांचं. तुझी काय उद्या परीक्षा आहे?"

तो एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण एकदा छापखानावाला चहाला बसला होता, ही आत पाठ करत होती, तेव्हा हा म्हणाला, "ऐकलंस? आमच्याकडे मांजर पाळलंय." छापखानावाला खो खो हसला. तीही हसली. मग तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. त्यानंतर ती कायम दार लोटूनच पाठ करायची.

आता त्याने दुकानातलं सगळ्यात चांगलं निळं कापड काढलं. वही दोन दिवस दाबात ठेवली, बाहेर काढून उघडली आणि उजवी कडा बघितली. उच्चार कापले गेले होते. कुठे अर्धा शब्द उरला होता, कुठे नुसती एक वेलांटी. कात्रणांचं पोतं आदल्या दिवशीच रद्दीवाल्याने नेलं होतं.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, रविवारी सासूबाईंना तुमच्याशी बोलायचंय. आईशी दर रविवारी बोलायच्या ना. वही घेऊन बसा म्हणाल्यात."

"मला कुठे येतं त्यांचं?"

"काहीतरी काय! आई सांगायची त्यांना, रोज संध्याकाळी तुम्ही वही धरून तिला शब्द विचारता म्हणून."

"बसतो," म्हणून बाइंडरने फोन ठेवला. त्याने एक दिवससुद्धा वही धरली नव्हती. त्याची लाज झाकायला ती परक्या भाषेत खोटं बोलली होती. त्यासाठी लागणारे शब्दही तिने बंद दाराआड एकटीनेच पाठ केले असणार.

चार दिवस तो उरलेले तुकडे घोकत राहिला. लेकीला विचारलं असतं तर तिने दोन मिनिटांत सगळं सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे कापल्याचं सांगायला हवं. शेवटी त्याने ठरवलं, वही न उघडता वरूनच दाखवायची.

रविवारी त्याने फोन खळीच्या डब्याला टेकवून ठेवला. विहीणबाई दिसल्या. आखूड केस, चष्मा, लेक शेजारी. त्यांनी मान लववून नमस्कार केला.

"आन्योंग," बाइंडर म्हणाला. कडेला तेवढंच उरलं होतं.

लेकीला हसू फुटलं. "अहो बाबा, असं लहान मुलांना म्हणतात! मोठ्यांना आन्योंग-हासेयो."

बाइंडरचे कान तापले. त्याने घाईने वही वर धरली. निळं कापड बघून विहीणबाईंनी टाळी वाजवली आणि भराभर काहीतरी म्हणाल्या.

"पहिलं पान उघडा म्हणतायत. ते त्यांनीच आईला सांगून लिहून घेतलं होतं."

त्याने पान उघडलं आणि उजव्या कडेवर अंगठा दाबून धरला. विहीणबाई डोळे बारीक करून बघू लागल्या, मग त्यांनी बोटाने खूण केली, अंगठा काढा. मग त्याने अंगठा काढला.

"मी कापलं हे," तो लेकीला म्हणाला. "आणि ते संध्याकाळचं खोटं आहे. मी तिला कधीच शब्द विचारले नाहीत. लोकांसमोर हसायचो तिला. त्यांना सांग."

"बाबा, हे पण सांगू?"

"हेच सांग."

लेक सांगत होती तेव्हा तो मान खाली घालून पानाकडे बघत होता. माफीची ओळ त्याला सापडली. तीही अर्धीच होती.

"मियान," तो म्हणाला.

हाही शब्द लहानांना म्हणायचा असावा, लेकीच्या चेहऱ्यावरून त्याला ते कळलं. पण या वेळी कुणी हसलं नाही. विहीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता का काय होतं, त्याला नीट कळलं नाही. मग त्या सावकाश, एकेक तुकडा तोडून म्हणाल्या, "मियान. हाम. निदा."

"मियान-हाम-निदा," तो म्हणाला. त्यांनी मान हलवली. पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा पुरं झालं.

त्याने कानामागची पेन्सिल काढली. लिहायला कडेला जागा नव्हती. त्याने बायकोच्या दोन ओळींच्या मधे, जमेल तेवढ्या बारीक अक्षरात उच्चार लिहिला.

माफ केलं का, हे विहीणबाईंनी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. त्यांनी खालच्या ओळीकडे बोट केलं. तिथे बायकोने लिहिलं होतं, पाणी.