सहा ओळींचा अहवाल

मित्रांनो, आज माझ्या अंगावर बोटभर धूळ आहे. पण थ्योलोच्या डोंगरातल्या चहाच्या कारखान्यात एके काळी सगळा पत्रव्यवहार माझ्यावरच व्हायचा. मी तिथला जुना टाइपरायटर.

सकाळी खिडकीतून धुकं आत यायचं आणि माझ्या बटणांवर दंव होऊन बसायचं. वाळत्या चहाचा वास इतका दाट असायचा, की मी जागा आहे की स्वप्नात, ते मलाच उमगत नसे. एनेलेसची बोटं टेकली की मी भानावर यायचो.

एनेलेस ही कार्यालयातली तरुण लेखनिक. तिचे अहवाल लांबलचक असायचे. आधी साहेबांच्या प्रकृतीची चौकशी, मग हवापाणी, मग मागल्या वर्षीच्या आठवणी. खरं सांगू? मलाही ते आवडायचं. लांब वाक्यांवर तरंगत जाण्यात एक गुंगी असते.

एकदा तिनं कारखान्याच्या वरच्या लाकडी माळ्याबद्दल चार पानं लिहिली. खुडलेली ओली पानं कोमेजण्यासाठी त्या माळ्यावर पसरत, आणि त्याच्या फळ्या कुजत चालल्या होत्या. पण ही गोष्ट होती तिसऱ्या पानाच्या तळाशी. व्यवस्थापक कालिलोंबेसाहेबांनी पहिलं पान चाळलं, ‘छान’ असा शेरा मारला आणि कागद बाजूला सारले.

आठवड्यानं, भर सकाळी, नासिबेकोचा पाय फळीतून आरपार गेला. माळ्यावर पानं पसरणारी ही बाई एनेलेसची आत्या. सोलवटलेल्या पायाला फडकं गुंडाळून ती लंगडत आमच्या खोलीत आली.

“आत्या, मी लिहिलं होतं गं!” एनेलेस रडकुंडीला आली.

“लिहिलं असशील. सांगितलं होतंस का?”

“म्हणजे?”

“समज, साहेब दारात भेटले, गाडीत बसायच्या घाईत. काय सांगशील?”

“सांगेन... फळ्या कुजल्यात, बाया पडतील.”

“मग तेच लिही की! साहेबांची तब्येत त्यांची बायको विचारेल.”

एनेलेस डोळे पुसता पुसता हसली. तिनं कोरा कागद चढवला.

‘माळ्याच्या फळ्या कुजल्या आहेत. आज सकाळी नासिबेको यांचा पाय आत गेला. तिथे रोज अकरा बायका काम करतात. सुतार तपासेपर्यंत माळा बंद ठेवावा. दुपारपर्यंत निर्णय कळवावा.’

सहाव्या ओळीपाशी तिची बोटं बराच वेळ थांबली. मग हळूच उमटलं : ‘हे मी पूर्वी तिसऱ्या पानावर लिहिले होते, चूक माझी.’

कालिलोंबेसाहेबांनी तो कागद उभ्या उभ्याच वाचला.

“तिसऱ्या पानापर्यंत मी पोचलोच नाही,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “ही चूक तुझी एकटीची नाही, एनेलेस.”

तडक वर जाऊन त्यांनी बायकांना खाली उतरवलं. तिसऱ्या दिवशी माळ्याचा मधला भाग धाडकन कोसळला. धुळीचा लोट धुक्यात मिसळला. वर कुणी नव्हतं. खालीही नव्हतं.

नासिबेकोला वाचता येत नसे. ती पुन्हा आली, खुर्ची ओढून बसली.

“त्या कागदात माझं नाव आहे म्हणे. वाच बरं.”

एनेलेसनं वाचलं. आत्या डोळे मिटून ऐकत होती.

“अगं, हे तर मीच बोलल्यासारखं आहे!”

आता कारखान्यात संगणक आले आहेत आणि मी अडगळीत धुक्याची स्वप्नं बघतो. माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, लिहायला बसाल तेव्हा ज्याचा पाय कुजक्या फळीवर आहे, त्याला पहिल्या ओळीत जागा द्या.